जुन्या होम कॉम्प्युटरांच्या पोटातली रिकामी सॉकेटं: कुणासाठी ठेवली होती?

रिकामं_सॉकेट

बीबीसी मायक्रो या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश होम कॉम्प्युटरचं झाकण चार स्क्रूंवर असतं, दोन मागे आणि दोन खाली. त्यांच्या शेजारी कंपनीनेच 'फिक्स' असं छापून ठेवलंय. म्हणजे गिऱ्हाईक कधी ना कधी झाकण उघडणार, हे तो बनवणाऱ्या ॲकॉर्न कंपनीने धरूनच चाललं होतं. आत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या चिपा बसवायच्या रिकाम्या जागा, म्हणजे सॉकेटं. फ्लॉपी कंट्रोलरची ४० पायांची जागा मोकळी. इकोनेट नावाच्या नेटवर्कची मोकळी. बोलणाऱ्या चिपांच्या दोन मोकळ्या. कीबोर्डच्या उजव्या अंगाखाली रॉमची, म्हणजे प्रोग्राम कायमचा कोरलेल्या चिपांची, सॉकेटं ओळीने: एकात ऑपरेटिंग सिस्टिम, बाकी चारांपैकी एकात बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा आणि उरलेली ओसाड. बोर्ड कुठल्या खेपेचं आहे त्यावर कुठे सॉकेट लावलेलं सापडतं, कुठे नुसतीच भोकं.

यात विसरभोळेपणा काही नाही. १९८१ साली मशीन आलं ते दोन रूपांत: मॉडेल ए १६ केचं (के म्हणजे किलोबाइट मेमरी), मॉडेल बी ३२ केचं, किंमतीत शंभर पाउंडांचा फरक. बोर्ड मात्र दोन्हींत एकच. ए म्हणजे काही चिपा आणि कनेक्टर न लावलेलं बी. गावाकडे स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्या ठेवतात ना, तसला प्रकार.

पण सगळ्या सळयांवर मजला चढत नाही, आणि मला बोलायचंय ते त्यावर. त्याच बोर्डावरच्या दोन जागा बघा.

पहिली, बोलणाऱ्या चिपेची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ५२२० आणि तिच्या जोडीला शब्दांची रॉम टीएमएस ६१००. शब्द बीबीसीचे वृत्तनिवेदक केनेथ केंडल यांच्या आवाजातले. कीबोर्डच्या डावीकडे केसवर एक आयताकृती जागा आखलेली असते, तिला इंग्लंडात लोक 'ॲशट्रे' म्हणतात. ती कापायची आणि आतल्या कनेक्टरात शब्दांच्या किंवा प्रोग्रामांच्या काडतुशी खोचायच्या, अशी योजना होती. काडतुशींचा बाजार कधी उभाच राहिला नाही. बहुतेक मशिनांत तो आयत अजून न कापलेला आहे.

दुसरी, रॉमच्या सॉकेटांची. तिथे वर्ड प्रोसेसर आले, भाषा आल्या, डिस्कच्या सिस्टिमा आल्या, नाना कंपन्यांनी धंदा केला. सॉकेटं कमी पडायला लागली!

फरक कशाने पडला? माझं मत असं की ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं याला फार किंमत नाही. सॉकेटापर्यंत कोणत्या तारा आणल्यात आणि त्या कशा वागतात हे बाहेरच्या माणसाला किती कळतं, यावर सगळं ठरतं. बोलणाऱ्या चिपेच्या काडतुशीला तिची स्वतःची खास सीरियल रॉमच लागायची, ती टीआयकडूनच येणार. रॉमच्या सॉकेटाला बाजारातली कुठलीही ईप्रॉम, म्हणजे आपल्याला लिहिता-पुसता येणारी रॉम, चालायची.

तुम्ही उघडलेल्या मशिनांत अशी काही जागा पाहिली असेल तर लिहा. कोणतंही मशीन चालेल.


नवखी_२००३

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: चार सॉकेटं कमी पडायला लागली म्हणजे काय झालं? जास्तीची कुठे लावणार?


रिकामं_सॉकेट

बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. ६५०२ प्रोसेसरला एकूण ६४ के दिसतात. बीबीसीने त्यांतले १६ के, हेक्समध्ये ८००० ते बीएफएफएफ, रॉमसाठी राखले आणि ठरवलं की एका वेळी एकच रॉम त्या खिडकीत येईल. कोणती, ते एफई३० या पत्त्यावरच्या लॅचमध्ये, म्हणजे आकडा धरून ठेवणाऱ्या छोट्या सर्किटात, आकडा लिहून सांगायचं. आता गंमत अशी की हा लॅच चार बिटांचा आहे, म्हणजे सोळा रॉमांची सोय. बोर्डावर सॉकेटं मात्र चार, आणि तिथे चारांपैकी दोनच बिट वाचले जातात. म्हणून साध्या मशीनमध्ये एकच रॉम चार वेगवेगळ्या नंबरांवर हजर असते. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम रॉमा आपसात ताडून बघते आणि झेरॉक्स निघालेल्या बाद करते.

हे ताडून बघायचं काम ज्याने लिहिलं त्याला बारा सॉकेटं अजून यायची आहेत हे ठाऊक होतं. पुढे एटीपीएल, वॉटफर्ड अशा कंपन्यांनी सोळा रॉमांची बोर्डं काढली, ती मूळ सॉकेटांतच खोचायची. सॉफ्टवेअरला हातही लावावा लागला नाही. तेव्हा बोर्डावरच्या चार जागा दिसतात, पण खरी मोकळी जागा त्या लॅचच्या वरच्या दोन बिटांत होती.


खडूफळा

उत्तम धागा. आमच्या पिढीच्या शिक्षकांसाठी बीबीसी मायक्रो म्हणजे 'क्लास' योजना. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा जो प्रकल्प काढला त्यासाठी हेच मशीन निवडलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडमध्ये ते 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने जोडलं जायचं. १९८९ मध्ये त्या कारखान्याला मोठी आग लागली, ती बातमी तेव्हा पेपरात वाचल्याची आठवते.

आमच्याकडे संगणक खोलीत चपला बाहेर काढून जायचं. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. शनिवारी धूळ पुसायची, तीसुद्धा शिक्षकाने, शिपायाने नाही. स्क्रूजवळ 'फिक्स' लिहिलेलं मी रोज बघत होतो, पण स्क्रूड्रायव्हर लावायची कुणाची छाती? मशीन सरकारी, यादीत चढलेलं, दर वर्षी तपासणी. आत रिकामी सॉकेटं आहेत हे मला आज कळतंय. रिकामं_सॉकेट, तुमचा मुद्दा पटला, त्यात एक जोडा: झाकण उघडायची मुभाही हवी. इंग्लंडातली पोरं ज्या मशीनमध्ये रॉम खोचत होती, त्याच मशीनला आम्ही मखमली आवरण घालून ठेवत होतो.


तपकीर_गल्ली

सर, मखमली आवरण 😄 आमच्या दुकानात एक आलं होतं त्याला खरंच झालर होती.

सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या होम कॉम्प्युटरचं सांगतो. पुण्याच्याच डेसिबेल्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून काढला होता, बुधवार पेठेत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो दिसायचा. तो ४८ केचा, पूर्ण भरलेला. रिकाम्या जागा बघायच्या तर इंग्लंडातला १९८२ चा मूळ १६ केवाला उघडा, दुसऱ्या इश्यूचं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचं, बोर्ड. मेमरीची आठ सॉकेटं एका रांगेत मोकळी आणि शेजारी चार लॉजिक चिपांची. बारा चिपा दाबल्या की १६ चे ४८ झाले.

आता यातली मेख. १६ वरून ४८ व्हायला ३२ के जोडायचे, पण ३२ किलोबिटची चिप अशी कुणी सरळ बनवत नव्हतं. मग टीएमएस ४५३२ वापरली. ही मुळात ६४ किलोबिटची चिप, पण तपासणीत तिचा अर्धा भाग नापास झालेला! चांगला अर्धा वरचा की खालचा, त्याप्रमाणे चिपेवर वेगळा शेवट छापलेला असतो आणि बोर्डावर तारेची एक लिंक त्यानुसार लावायची. आठही चिपा एकाच जातीच्या पाहिजेत. दोन वरच्या आणि सहा खालच्या मिसळल्या की काम तमाम. आज लोक सरळ पूर्ण ६४ किलोबिटच्या ४१६४ लावतात, लिंक कुठेही असली तरी चालतं.


हिशेबी_माणूस

मी कारखान्यात कॉस्टिंग करतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. माफ करा.

एक सॉकेट लावायचं म्हणजे सॉकेटाची किंमत, भोकं पाडायची किंमत, सोल्डरिंग, तपासणी. हजारात नव्याण्णव गिऱ्हाईकं कुठल्याशा सॉकेटाला हात लावत असतील तर उरलेल्या नऊशे एकांनी त्याचे पैसे का मोजायचे? (आकडा उदाहरणादाखल.) सिंक्लेअरचं धोरण मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्यांच्या झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रम या मशिनांना मागे कनेक्टरच नाही. बोर्डाची कडच बाहेर काढली, तिच्यावर तांब्याचे पट्टे, झालं. कनेक्टरचा खर्च ज्याला उपकरण जोडायचंय त्याच्या माथी.

रिकाम्या सॉकेटांचं तुम्ही कौतुक करताय, मला त्यात विक्री खात्याचा हात दिसतो. जाहिरातीत 'वाढवता येतो' लिहायला मिळतं.


तपकीर_गल्ली

प्रामाणिक खरं, पण झेडएक्स ८१ ला १६ केचा रॅमपॅक (जादा मेमरीचा डबा) मागे लटकवून कधी टाइप केलंय का दादा? बटण जरा जोरात दाबलं की पॅक हलतो आणि मशीन रीसेट. तासाभराचं टायपिंग गेलं. लोक ब्लू टॅकने चिकटवायचे. आतलं सॉकेट हलत तरी नाही.


रिकामं_सॉकेट

हिशेबी_माणूस, माफी कसली, धाग्याला हेच हवं होतं. तुमचा हिशेब एका मशीनपुरता बरोबर आहे. पण ॲकॉर्नचा हिशेब दोन मशिनांचा होता. ए आणि बीची वेगळी बोर्डं काढायची म्हणजे दोन डिझाइनं, दोन साठे, दुरुस्तीच्या दोन पुस्तिका. त्यापेक्षा एका बोर्डावर न भरलेली भोकं स्वस्त पडतात. भोकाला फारसा खर्च नाही. खर्च सॉकेटाला आहे. म्हणूनच तर काही जागी नुसती भोकं ठेवलीत.

विक्री खात्याचं म्हणाल तर फ्लॉपीचा किस्सा ऐका. इंटेलची ८२७१ ही चिप त्या ४० पायांच्या सॉकेटात बसायची. ती महाग होती आणि पुढे मिळेनाशी झाली. मग वॉटफर्ड, ओपस वगैरे मंडळींनी एक छोटं बोर्ड बनवलं, त्यावर वेगळा कंट्रोलर, बहुतेक वेळा १७७० घराण्यातला, आणि खाली ४० पाय. ते पाय ८२७१ च्या सॉकेटात. म्हणजे एका चिपेसाठी ठेवलेलं सॉकेट चक्क एक्स्पान्शन कनेक्टर झालं. ॲकॉर्नने असं काही योजलेलं नव्हतं. तिथे प्रोसेसरच्या डेटा रेषा, ॲड्रेस रेषा, इंटरप्ट आणि ड्राइव्हचे सिग्नल सगळे आयते होते, बाहेरच्यांनी फायदा घेतला. तोटा एवढाच की काही खेळ कॉपी होऊ नयेत म्हणून थेट ८२७१ शी बोलायचे, ते या बोर्डांवर रुसून बसत. १९८५ च्या बी प्लसमध्ये ॲकॉर्ननेही १७७० च घेतली.


निळा_पडदा

आइंडहोवनहून लिहितेय. इथल्या रेट्रो मेळाव्यांत कमोडोर कंपनीचा अमिगा १२०० हा होम कॉम्प्युटर घेऊन बसते, त्यामुळे या धाग्यावर गप्प राहणं शक्य नाही. न वापरलेल्या कनेक्टरांत मुकुटमणी कोण विचाराल तर 'क्लॉक पोर्ट'.

अमिगा १२०० आला १९९२ च्या अखेरीस. किंमत खाली ठेवायची म्हणून कमोडोरने त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ दिलंच नाही. पण बोर्डावर, तळच्या झाकणातल्या १५० पिनी कनेक्टरजवळ, २२ पिनांची एक दुहेरी ओळ ठेवली. घड्याळ नंतर लावता यावं म्हणून. कमोडोरचं असं घड्याळ काही बाजारात आलं नाही. एप्रिल १९९४ मध्ये कंपनीनेच दिवाळं काढलं. बहुतेक लोकांना घड्याळ मिळालं ते तळच्या झाकणातल्या मेमरी किंवा ॲक्सलरेटर कार्डावर. पिना तशाच उभ्या राहिल्या.

आता त्या पिनांवर काय आहे बघा. आठ डेटा रेषा. चार ॲड्रेस रेषा, ए२ ते ए५. वाचायचा सिग्नल, लिहायचा सिग्नल. रीसेट, इंटरप्ट, पाच व्होल्ट, ग्राउंड. घड्याळाची चिप निवडायची रेषा, आणि तिच्या जोडीला आणखी एक मोकळी निवड रेषा, जिचं सर्किट आकृतीतलं नावच 'स्पेअर' आहे.

ॲड्रेस रेषा चारच का? त्या काळच्या घड्याळाच्या चिपेत सोळा रजिस्टरं असतात: सेकंदाचे दोन अंक, मिनिटाचे दोन, तासाचे दोन असं करत वर्षापर्यंत, शिवाय नियंत्रणाची. सोळांना चार रेषा पुरतात. म्हणजे पोर्ट मोजूनमापून घड्याळाएवढाच शिवला होता, आणि घड्याळाला न लागणारी एकच वस्तू त्यात होती, ती स्पेअर रेषा.

नव्वदीच्या उत्तरार्धात लोकांच्या लक्षात आलं की सोळा पत्त्यांत पुष्कळ काही मावतं. सीरियल पोर्टची १६५५० घ्या, तिला आठच रजिस्टरं. अमिगाच्या पॉला चिपेतला मूळ सीरियल पोर्ट बाइटमागून बाइट घेतो, साठवायला रांग नाही. वेगवान मोडेम लावला की अक्षरं गळायची. १६५५० मध्ये सोळा बाइटांची रांग असते. 'सिल्व्हर सर्फर' नावाचं छोटं कार्ड निघालं, क्लॉक पोर्टवर खोचायचं, गळती बंद. पाठोपाठ साउंड कार्डं आली, 'सबवे' नावाचं यूएसबी कार्ड आलं. १९९२ च्या मशीनला यूएसबी, तेही घड्याळाच्या पिनांवरून!

वेग मात्र बेताचाच. गेल नावाची चिप हे सिग्नल तयार करते आणि ती घड्याळासारख्या संथ चिपेच्या बेताने थांबत थांबत चालते. यूएसबीचा माउस झकास चालतो, हार्ड डिस्क लावून चित्रपट बघायची अपेक्षा ठेवू नये.


नवखी_२००३

ताई, भारी! मोकळी निवड रेषा नसती तर?


निळा_पडदा

तर घड्याळ आणि दुसरं कार्ड दोन्ही एकाच पत्त्यावर येऊन भांडली असती. डिझाइन करणाऱ्याने ती रेषा का आणली असेल? माझा तर्क असा की गेलमधून ती आयती निघत होती, एक पिन जास्त लावायला काय जातंय. हिशेबी_माणूस, तुमच्या कॉस्टिंगमध्ये ही पिन कापली गेली असती बघा 😊

आणि खरी मजा पुढे आहे. जर्मनीच्या इंडिव्हिज्युअल कॉम्प्युटर्सने कमोडोर ६४ साठी 'रेट्रो रिप्ले' नावाचं काडतूस काढलं, त्यावर अमिगासारखा क्लॉक पोर्ट दिला. ६४ ला असा पोर्ट जन्मात नव्हता. मग त्यावर बसणारं 'आरआर-नेट' नावाचं इथरनेट कार्ड आलं. त्यातली चिप सीएस८९००ए. ही आठ बिटांच्या पद्धतीने जोडली की तिला बरोबर सोळा पत्ते लागतात. चार रेषा, चोख! आठ बिटांत तिचा इंटरप्ट चालत नाही, म्हणून 'काही आलंय का' असं सारखं विचारत बसावं लागतं, पण १९८२ चं मशीन नेटवर्कवर आलं ना.

एका कंपनीने एका मशीनमध्ये न लावलेल्या घड्याळाची पिनओळ, कंपनी बुडाल्यावर, तिच्याच दहा वर्षं जुन्या दुसऱ्या मशीनसाठी प्रमाण कनेक्टर झाली. कुठल्या समितीने ठरवून हे झालं नसतं.


हिशेबी_माणूस

ताई, ती पिन मी नक्की कापली असती. नोकरी त्याचीच आहे. 🙏

पण तुमचं उदाहरण माझ्याही बाजूने वापरता येतं बरं का. २२ पिनांची साधी ओळ, तिला खर्च काय? नगण्य. महागडी सॉकेटं ओस पडली आणि सगळ्यात स्वस्त पिनओळ जगली.


बे_एरियाकर

एक कोन कुणी मांडलेला दिसला नाही: कनेक्टर आत का आणि बाहेर का नाही?

अमेरिकेत याचं उत्तर बऱ्याचदा एफसीसी, म्हणजे तिथलं दळणवळण नियामक खातं, हे आहे. ७० च्या दशकाच्या शेवटी टीव्हीला जोडायच्या उपकरणांच्या रेडिओ गळतीवर कडक नियम होते. बसच्या, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या, उघड्या तारा म्हणजे अँटेनाच. ॲटारी ४०० आणि ८०० उघडा, आत ओतीव ॲल्युमिनियमचं जाडजूड चिलखत आहे. मेमरी आणि काडतुशी त्या चिलखताच्या पोटात, आणि बाहेरची उपकरणं सगळी एका संथ सीरियल तारेवर. ॲपल टूने पळवाट काढली. आठ स्लॉट असलेलं मशीन, पण टीव्हीला जोडायचा मॉड्युलेटर दुसऱ्याच कंपनीचा, वेगळा विकलेला. त्यामुळे कागदोपत्री ते टीव्हीचं उपकरण नव्हतंच. पुढे नियम सैल झाले, पण तोवर डिझाइनं ठरून गेली होती.

बीबीसी मायक्रो अमेरिकेत विकायला आणला तेव्हा त्यालाही आतून धातूची कवचं घालावी लागली. इथे तो चालला नाही ते वेगळं.

ॲपलचीच दोन उदाहरणं पटकन: १९८८ च्या ॲपल टूसी प्लसच्या बोर्डावर आतल्या मोडेमसाठी कनेक्टर आहे, ॲपलने तो मोडेम विकलाच नाही. १९९८ च्या पहिल्या निळ्या आयमॅकमध्ये 'मेझनीन' स्लॉट होता. ॲपल म्हणे तो वापरू नका, तरी एका कंपनीने त्यावर व्हूडू टू ग्राफिक्स कार्ड बसवून विकलं. पुढच्या रंगीत आयमॅकांतून ॲपलने स्लॉटच काढून टाकला. आता हा होम कॉम्प्युटर 'जुना' धरायचा का, ते धागाकर्त्याने ठरवावं.


रिकामं_सॉकेट

१९९८ म्हणजे मतदान करून कधीच मोकळा झालेला माणूस. जुनाच.


तपकीर_गल्ली

अवांतर, घरगुती नाही पण आपल्याकडे हाच जास्त भेटायचा: आयबीएमचा पीसी एक्सटी. ८०८८ च्या शेजारी ८०८७ गणिती को-प्रोसेसरचं सॉकेट रिकामं. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपांत ऑटोकॅड आलं आणि ते सॉकेट एका रात्रीत मौल्यवान झालं, कारण नववं रिलीज को-प्रोसेसर असल्याशिवाय चालतच नव्हतं. चिप दाबायची आणि बोर्डावरच्या डिप स्विचांच्या गठ्ठ्यातला दोन नंबर ऑफ करायचा. लोक चिप घालायचे, स्विच विसरायचे, आणि 'चिप डुप्लिकेट दिली' म्हणून दुकानात भांडायला यायचे.

त्याच आयबीएम एक्सटीत आठवा स्लॉट, पॉवर सप्लायच्या बाजूचा, दिसायला इतरांसारखाच. पण त्यातल्या कार्डाने 'मला निवडलंय' असा एक जादा सिग्नल परत पाठवायला लागतो. बहुतेक कार्डं पाठवत नाहीत. स्लॉट आहे, कार्ड बसतं, चालत नाही. रिकाम्या सॉकेटापेक्षा हे वाईट.


मुक्काम_पोस्ट_कणकवली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आमच्या जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक एससीएल युनिकॉर्न सापडला आहे. शाळेने 'न्यायचा तर न्या' म्हणून लिहून दिलं. घुशींनी केबल खाल्ली आहे, बाकी मशीन अखंड. झाकण उघडलं, तर धागाकर्त्याने लिहिलंय तसंच, रॉमच्या दोन जागा मोकळ्या, ॲशट्रे न कापलेला. एका रॉमच्या पायांवर हिरवट थर आलाय. आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे.

मला यात आणखी रॉम घालायच्या आहेत, आणि जमलं तर ॲशट्रे कापून तिथे झिफ सॉकेट (दांडी फिरवली की चिप सुटणारं) बसवायचं आहे, म्हणजे झाकण न उघडता रॉम बदलता येईल. इंग्लंडात लोक असं करायचे असं वाचलं. आधी वीज लावून बघू का?


तपकीर_गल्ली

थांबा! वीज लावू नका!

पॉवर सप्लायमध्ये मेनच्या तोंडाशी पिवळसर पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात, आत कागद. चाळीस वर्षांत कवचाला भेगा पडतात, ओल आत शिरते. वीज दिली की काही मिनिटांत फट्ट करून फुटतात आणि घरभर घाणेरडा धूर. कोकणातल्या मशीनमध्ये ते शाबूत असतील यावर मी चहाही लावणार नाही. सप्लाय बाहेर काढा, ते बदला, नव्या प्लास्टिक फिल्मवाल्या एक्स२ वर्गाच्याच लावा, साधे नकोत. हे काम जमत नसेल तर जमणाऱ्याकडून करून घ्या, २३० व्होल्टशी खेळ नाही. मग बोर्डापासून सप्लाय सुटा ठेवून पाच व्होल्ट मोजा. बरोबर आले की मगच जोडा.

हिरवट रॉम सरळ वर ओढू नका, पाय तुटेल. दोन्ही टोकांकडून पातळ स्क्रूड्रायव्हरने थोडं थोडं उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. पाय पांढरे झाले की परत दाबा. सॉकेट कुजलं असेल तर बदला, स्वस्तातली एकेरी पत्तीची घेऊ नका, खराद केलेल्या गोल पिनांची घ्या. मात्र एकदा गोल पिनांचं लावलं की त्यात जाड पायांची चीज परत घुसवायची नाही.


रिकामं_सॉकेट

तपकीरदादांना अनुमोदन. रॉमचं माझ्याकडून:

मोकळ्या जागेत २७१२८ ईप्रॉम थेट बसते, १६ केची. ती नसेल तर २७५१२ घराण्यातली विजेने पुसता येणारी चिप घ्या, युनिव्हर्सल प्रोग्रामरवर लिहा, आणि तीच १६ केची प्रत चारदा भरा, म्हणजे वरच्या ॲड्रेस पिना कुठेही असल्या तरी फरक पडत नाही.

त्याहून बरं म्हणजे एका जागेत ६२२५६ ही स्टॅटिक रॅम घाला. रॉमच्या सॉकेटात लिहायचा सिग्नल आणलेला नाही, कारण रॉमला तो लागत नाही. तेवढी एक तार बोर्डावरून उडती घ्यावी लागते. मग डिस्कवरून किंवा मेमरी कार्डावरून कुठलीही रॉम त्या रॅममध्ये ओतायची. सॉकेटं चार असोत की दोन, चिंता मिटते, आणि झिफची गरजच राहत नाही.


खडूफळा

युनिकॉर्न सापडला हे वाचून फार बरं वाटलं. कणकवलीकर, खाली हात घालून पाहा. कीबोर्डच्या खालच्या कडेला कनेक्टरांची रांग आहे, तिथे 'ट्यूब' लिहिलेलं असेल. आमच्या शाळेत त्याला कुणी कधी काही जोडलं नाही. ते नक्की कशासाठी होतं?


रिकामं_सॉकेट

सर, दुसरा प्रोसेसर जोडायला. मूळचा ६५०२ कीबोर्ड, पडदा, डिस्क सांभाळतो आणि ट्यूबवरचा पाहुणा नुसती आकडेमोड करतो. ॲकॉर्नने त्यावर दुसरा ६५०२ विकला, झेड८० विकला. आणि एप्रिल १९८५ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी डिझाइन केलेली पहिली एआरएम चिप आली, तीसुद्धा बीबीसी मायक्रोच्या ट्यूबवरच चालवली गेली. तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमधल्या प्रोसेसराचं घराणं ते.

भारतातल्या शाळांत ट्यूब बहुतेक रिकामीच राहिली असणार. आज मात्र तिथे रासबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक लावता येतो, 'पायट्यूबडायरेक्ट' या नावाने सॉफ्टवेअर मिळतं. मध्ये व्होल्टेज बदलणारं छोटं बोर्ड हवं, कारण बीबीसी पाच व्होल्टांचा आणि रासबेरी ३.३ चा. मग तोच रासबेरी कधी झेड८० होतो, कधी जुना एआरएम.


निळा_पडदा

कणकवलीकर, बीबीसीवर ट्यूबचा कनेक्टर खाचेचा असतो, उलटा बसत नाही. पण कधी अमिगाच्या वाटेला गेलात तर लक्षात ठेवा: क्लॉक पोर्टच्या पिनांना खाच-बीच काही नाही. कार्ड एक पिन सरकून किंवा उलटं बसतं, आणि पाच व्होल्ट नको तिथे जातात. लावण्याआधी एक नंबरची पिन दोन्हीकडे मार्करने रंगवा.


मुक्काम_पोस्ट_कणकवली

सर्वांचे आभार. कपॅसिटर मागवतो. वीज लावणार नाही, शब्द देतो. ॲशट्रेचं काय करू? कापू की नको?


हिशेबी_माणूस

कापा की. तुमचं मशीन आहे. न कापलेल्या आयताची किंमत कोण देणार?


तपकीर_गल्ली

अजिबात कापू नका. युनिकॉर्न किती उरलेत देव जाणे. प्लास्टिक चाळीस वर्षांत ठिसूळ झालंय, कटर लावला की आयताबरोबर अर्धं केस हातात येईल. झिफ हवंच असेल तर २८ तारांची रिबन घ्या, एका टोकाला पाय, दुसऱ्या टोकाला झिफ, आणि ती झाकणाच्या मागच्या फटीतून बाहेर काढा. रिबन जमेल तितकी आखूड ठेवा, लांब झाली की रॉम चुकीची वाचली जाते. आणि आधी त्या हिरव्या पायांचा फोटो टाका, सॉकेट वाचेल की बदलायचं ते बघून सांगतो.